कृष्णेच्या सात घाटांचं गाव

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं आणि खंबाटकीचा घाट मागे पडला की थोड्या वेळात सुरूर फाटा येतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या गाड्या इथे उजवीकडे वळतात. या रस्त्याच्या कडेला जुने वड आहेत. पारंब्या छाटलेल्या, खोडांना पांढरे-तांबडे पट्टे मारलेले, तरी सावली धरून असलेले. त्यांच्या पुढे वाई. समोर डोंगराची भिंत, तिच्या अंगावरून वर चढत गेलेला पसरणीचा घाट, आणि वरच्या थंड हवेच्या ओढीनं गावात न थांबता पुढे निघालेल्या गाड्या. शनिवार-रविवारी तर वाईकरांना आपल्याच गावात रस्ता ओलांडायला उभं राहावं लागतं. मी मात्र इथेच एसटीतून उतरले आणि नदीकडे चालायला लागले. वाई पाहायची ती नदीकडून. बसस्थानकाकडून पाहिली तर ती तालुक्याच्या कुठल्याही गावासारखीच दिसते: मोबाइलची दुकानं, रसवंतीगृहं, शेतीच्या औषधांच्या पाट्या.

त्याआधी खोऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं. कृष्णा उगम पावते क्षेत्र महाबळेश्वरला. तिथून ती जोर गावाच्या बाजूनं दरीत उतरते, बलकवडी आणि धोम या दोन धरणांत अडते, आणि धोम, मेणवली करत वाईत येते. तिच्या दक्षिणेला पाचगणीचं पठार. उत्तरेला केंजळगड, पांडवगड, मांढरदेव अशी डोंगरांची रांग. धोमच्या जलाशयाच्या मागे झाडीनं भरलेला कमळगड, त्याच्या माथ्यावर गेरूच्या थरांतून खोल खोदलेली विहीर. पांडवगड आणि वैराटगड या दोन्ही किल्ल्यांचं बांधकाम शिलाहार राजा दुसरा भोज याच्याकडे, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीकडे जातं. त्याहीपेक्षा जुनी आहेत ती लोहाऱ्याजवळची बौद्ध लेणी. गावकरी त्यांना पांडवांची लेणी म्हणतात, कारण वाई म्हणजेच महाभारतातली विराटनगरी, अशी इथली पक्की समजूत. वनवासातल्या पांडवांनी महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक दरीत एक तरी रात्र काढली आहे. वाईकरांनी त्यांना अज्ञातवासाचं वर्षभर ठेवून घेतलं.

या लहानशा खोऱ्यात पाऊस फार झपाट्यानं बदलतो. वर जोरच्या बाजूला आषाढात दिवसच्या दिवस डोंगर दिसत नाही. तिथे भात होतो. वाईला पाऊस बेताचा, पण नदी आणि कालवे आहेत, म्हणून ऊस आणि हळद. तसंच पूर्वेकडे चालत राहिलं की ज्वारी-बाजरीचा मुलूख लागतो. डोंगर आणि देश या दोघांच्या सांध्यावर बसलेलं हे गाव. वरून येणाऱ्याला इथे बाजार मिळतो आणि खालून येणाऱ्याला इथून वरची वाट.

सांध्यावरच्या गावावर सत्तेचा डोळा असतोच. आदिलशाहीत वाई हा सुभा होता आणि त्याचा सुभेदार होता अफजलखान. त्यामुळे १६५९ साली तो शिवाजी महाराजांवर चालून आला, तेव्हा वाईला त्यानं दिलेला तळ हा अनोळखी मुलखातला नव्हता. जावळीच्या तोंडाशी असलेला हा भाग त्याच्या वहिवाटीतला होता. इथूनच तो घाट ओलांडून प्रतापगडाच्या पायथ्याशी गेला आणि १० नोव्हेंबरला मारला गेला. पुढे अठ्ठावीस वर्षांनी, डिसेंबर १६८७ मध्ये, वाईच्याच परिसरात मोगली फौजेशी लढताना सरनौबत हंबीरराव मोहिते पडले. संभाजी महाराजांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम खांब त्या दिवशी निखळला. शाळेच्या पुस्तकात प्रतापगडाला पानंच्या पानं मिळतात. हंबीररावांच्या शेवटच्या लढाईला एक ओळ मिळते, आणि त्या ओळीत वाईचं नाव येतंच असं नाही. मला ते खटकतं.

नदीवर आलं की मात्र लढाया मागे राहतात. वाईत काठानं सात घाट आहेत आणि त्यांच्या मागे सात आळ्या: भीमकुंड, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि गंगापुरी. काळ्या पाषाणाच्या रुंद पायऱ्या, मध्येमध्ये कमानी, ओवऱ्या, छोटी देवळं. सकाळी लवकर गेलं तर बायका धुणं घेऊन आलेल्या असतात, कोणी सूर्याला पाणी सोडत असतं, शाळेची पोरं पाण्यात दगड भिरकावत असतात. एका पायरीवर बसलेल्या आजोबांनी विचारलं, “कुठनं आला म्हणायचं?” पुण्याहून, म्हटल्यावर ते म्हणाले, “मग गणपती झाला की वर जाणार आसाल.” वर जाणार नाही, इथेच राहणार आहे, हे ऐकल्यावर ते सरकून बसले आणि मला बसायला जागा केली. मग बराच वेळ त्यांनी पुराच्या खुणा दाखवल्या: अमक्या साली पाणी या कमानीला टेकलं होतं, तमक्या साली त्या ओवरीत शिरलं होतं. वाईच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींना सनावळीपेक्षा पायऱ्यांचा आधार जास्त असतो.

गणपती आळीचा गणपती म्हणजे ढोल्या गणपती. एकाच दगडातून घडवलेली, सुमारे दहा फूट उंचीची बैठी मूर्ती, आणि अंगापिंडानं अशी भरलेली की त्या नावाखेरीज दुसरं नाव सुचू नये. १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ बांधलं. भाविक पुढून दर्शन घेतात आणि निघतात. माझी विनंती आहे की त्यांनी एकदा मागे जाऊन यावं. गाभाऱ्याची मागची भिंत सरळ नाही. ती माशाच्या अंगासारखी निमुळती होत टोकाला आली आहे, आणि ते टोक नदीच्या येणाऱ्या प्रवाहाकडे रोखलेलं आहे. पुराचा लोंढा या टोकावर दुभंगतो, दोन्ही बाजूंनी निघून जातो, आणि भिंतीवर सरळ मार बसत नाही. देऊळ पाण्याच्या इतक्या जवळ बांधायचं तर पाण्याशी कसं वागायचं हे आधी ठरवावं लागतं. बांधणाऱ्यानं पूर येणार हे धरूनच ते बांधलं आहे. आजही पावसाळ्यात धोमच्या दरवाजांतून विसर्ग वाढला की पाणी देवळापर्यंत येतं, पायऱ्या बुडतात, आणि ओसरलं की गाळ धुऊन पूजा पुन्हा सुरू होते. देऊळ अडीचशे वर्षांहून अधिक काळ जागेवर आहे. ज्यांनी ही भिंत आखली आणि रचली त्या पाथरवटांची नावं मात्र कुठल्याही शिळेवर नाहीत.

जवळच काशीविश्वेश्वर. ते १७५७चं, आनंदराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं; समोर दीपमाळा आणि एक अतिशय देखणा नंदी. त्याच्या गळ्यातल्या घंटांच्या माळा, पाठीवरच्या झुलीची किनार, सगळं दगडात इतकं नाजूक उतरलं आहे की हात लावून पाहावंसं वाटतं. आणि लोक लावतातही, त्याशिवाय का त्याची पाठ इतकी गुळगुळीत झाली असेल? महालक्ष्मीचं मोठं देऊळ १७७८चं, तेही आनंदरावांचंच. वाईचा आजचा चेहरा घडला तो या वीसेक वर्षांत, आणि तो बऱ्याच अंशी एका घराण्यानं घडवला.

हे रास्ते मूळचे गोखले. सावकारी आणि सरदारी अशी दोन्ही अंगं असलेलं घराणं. त्यांची लेक गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांना दिली आणि वाई पेशवाईचं व्याह्यांचं गाव झाली. विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव या तिघांचंही हे आजोळ. एक पानिपतावर पडला, एक ऐन तारुण्यात क्षयानं गेला, एकाचा शनिवारवाड्यात खून झाला. गोपिकाबाईंनी तिघांचेही मृत्यू पाहिले. घाटावर फिरताना पुन्हा पुन्हा मनात येत होतं की ढोल्या गणपतीचं देऊळ उभं राहिलं ते पानिपतानंतरच्या पुढच्याच वर्षी. ज्या घरानं भाचा गमावला त्याच घरानं हे बांधकाम पुरं केलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असं कागद सांगत नाहीत, आणि मीही सांगणार नाही; पण त्या वर्षी या गावात कामाच्या जागेवर काय बोललं जात असेल, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

देवळं बांधली सरदारांनी. ती नदी सांभाळली मात्र आळ्यांनी, आणि त्याचं उदाहरण म्हणजे कृष्णामाईचा उत्सव. माघ महिना लागला की पहिल्या घाटावर मांडव पडतो. कृष्णाबाईची मूर्ती बसते, रोज पूजा, कीर्तन, प्रवचन, बायकांचं हळदीकुंकू, ओट्या भरणं, शेवटी सगळ्यांना महाप्रसाद. एका घाटाचे दिवस संपले की पुढच्या घाटाचे सुरू होतात, आणि असं करत फाल्गुनापर्यंत सातही घाटांची पाळी होते. परंपरा सांगते की अफजलखानाचं संकट आलं तेव्हा वाईतल्या शेंडेशास्त्र्यांनी कृष्णामाईला नवस बोलला आणि संकट टळल्यावर हा उत्सव सुरू झाला. नवसाची कथा खरी मानायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला त्यातली व्यवस्था विलक्षण वाटते. एक नदी, सात यजमान. कोणत्याही आळीला वर्षभराचा भार नाही आणि कोणतीही आळी फक्त पाहुणी नाही. आपल्या पाळीला वर्गणी काढायची, मांडव घालायचा, पंगती वाढायच्या. दुसऱ्यांच्या पाळीला जेवायला जायचं. वाढपी आणि जेवणारे महिन्याभरात जागा बदलत राहतात.

जुन्या आळ्या प्रामुख्यानं ब्राह्मणवस्तीच्या होत्या आणि घाटाच्या कोणत्या पायरीवर कोणी उतरायचं हे जातीनं ठरत असे, हेही त्याच नदीचं सत्य आहे. ते सोडून घाटांचं सौंदर्य सांगितलं तर वर्णन अर्धं राहील. त्याचा विचारही पुढे याच गावात, याच आळ्यांतल्या शास्त्र्यांनी केला. त्याच्याकडे येतेच.

वाईहून मेणवली तीनेक किलोमीटर. रस्त्याच्या एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला नदीची झाडी. १७६८ मध्ये हे गाव नाना फडणवीसांना इनाम मिळालं, आणि त्यांनी इथे वाडा, घाट आणि देवळं बांधली. सहा चौकांचा वाडा अजून उभा आहे. दिंडी दरवाजातून आत गेलं की जाड भिंतींचा गारवा अंगाला लागतो; भिंतींवर जुनी चित्रं, वर काळसर पडलेली लाकडी तुळवंटं. मागच्या बाजूनं बाहेर पडलं की एकदम घाट. मला वाईच्या सातही घाटांपेक्षा मेणवलीचा हा एक घाट जास्त आवडतो. त्याच्या पायऱ्या नदीच्या वळणाबरोबर वळल्या आहेत आणि वरच्या अंगाला मेणेश्वर आणि विष्णू यांची देवळं आहेत.

मेणेश्वराजवळ एका लहान मंडपात मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आणि १७०७ हा आकडा. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, आणि त्या देशभरच्या देवळांत वाटल्या गेल्या. नाशिकला गोदेच्या काठी नारोशंकराची घंटा आहे, भीमाशंकरला एक आहे. मेणवलीची घंटा त्याच भावंडांपैकी. ती लुटीतून आली, हे खरं. पण आणणाऱ्यांनी ती वितळवली नाही, तिच्यावरची आकृती खरवडली नाही. आहे तशी महादेवाच्या दारात लावली. मला ते फार मोलाचं वाटतं.

आणि मेणवलीनं आणखी एक गोष्ट जपली: कागद. नाना फडणवीस हे हिशेबाचे आणि पत्रांचे माणूस. त्यांचं दप्तर या वाड्यात राहिलं आणि इंग्रजी अमदानीत बराच काळ तसंच पडून होतं. पुढे इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी ते उजेडात आणलं आणि ‘मेणवली दप्तर’ हे मराठ्यांच्या इतिहासाचं एक मोठं साधन ठरलं. खुद्द वाईतही अशीच गोष्ट घडली होती. इथल्या एका वाड्यात पानिपतच्या काळातली पत्रं सापडली, ती विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांच्या हाती आली, आणि त्यातून १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. मराठी इतिहासलेखनात कागदावाचून बोलायचं नाही ही शिस्त ज्या ग्रंथमालेनं लावली, तिची सुरुवात वाईच्या माळ्यावरच्या गाठोड्यातून झाली आहे.

मेणवलीच्या पुढे धोम. धौम्य ऋषींचं गाव म्हणतात. इथलं नृसिंहाचं देऊळ आणि महादेवाचं देऊळ पाहण्यासारखं आहे. विशेषतः महादेवासमोरचं कमळाच्या आकाराचं कुंड आणि त्यात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. कुंडात पाणी भरलं की कासव बुडतं आणि नंदी पाण्यावर तरंगल्यासारखा दिसतो. गावाच्या वर धोमचं धरण. १९७०च्या दशकात ते झालं आणि वरच्या अंगाच्या गावांची शेतं, घरं, देवळं पाण्याखाली गेली. तिथल्या लोकांना उठून दुसरीकडे जावं लागलं. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या वाट्याला पाणी आलं नाही, आणि पाणी ज्यांच्या शेतात पोचलं त्यांनी ती गावं कधी पाहिली नव्हती. महाराष्ट्रातल्या बहुतेक धरणांची ही कहाणी धोमचीही आहे. कालव्याचं आवर्तन कधी सुटणार हा वाईपासून कोरेगावपर्यंतच्या शेतकऱ्यांच्या तोंडचा प्रश्न, आणि इथेही पाळी लागते: वरच्या चारीची झाल्यावर खालच्या चारीची.

आजच्या पिढीला वाई-मेणवली माहीत आहे ती बहुधा पडद्यावरून, आणि तीही दुसऱ्याच नावानं. ‘गंगाजल’मध्ये ती बिहार झाली, ‘स्वदेस’मध्ये आणि ‘दबंग’मध्ये उत्तर प्रदेश झाली. घाट, वाडे, पिंपळाचे पार आणि मागे डोंगर, हे सगळं पुण्या-मुंबईपासून जवळ मिळतं म्हणून चित्रपटवाले येतात. त्यानं गावात पैसा येतो, लॉजवाल्यांना, खानावळींना, गर्दीत उभ्या राहणाऱ्या पोरांना काम मिळतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. एवढंच की मेणवलीच्या घाटावर आलेले पाहुणे नायक कुठे बसला होता ते विचारतात, आणि नानांचं नाव तिथल्या माणसालाच काढावं लागतं.

आता त्या गोष्टीकडे येते, जिच्यासाठी मी खरं तर वाईला आले होते. मराठीत संदर्भ शोधणाऱ्या कुणालाही ‘मराठी विश्वकोश, वाई’ हे शब्द पाठ असतात. लहानपणी शाळेच्या वाचनालयात तो जाडजूड खंड उघडला की पहिल्या पानांवर वाईचं नाव दिसायचं आणि वाटायचं, मुंबई नाही, पुणे नाही, वाई का? या प्रश्नाचं उत्तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जातं. नारायणशास्त्री मराठे हे विद्वान वाईत विद्यार्थ्यांना शिकवत होते. त्यांच्या पाठशाळेचं नाव प्राज्ञ पाठशाळा झालं. शिकवायचे ते न्याय, मीमांसा, वेदान्त. पण विद्यार्थ्यानं आजच्या जगाकडे पाठ फिरवावी असं त्यांना वाटत नव्हतं. १९१७ च्या सुमाराला गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन एक तरुण त्यांच्याकडे उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रं शिकायला आला. तो म्हणजे विनोबा भावे. नारायणशास्त्र्यांनी पुढे संन्यास घेतला आणि ते स्वामी केवलानंद सरस्वती झाले. पण ग्रंथांचं काम सुटलं नाही. मीमांसाकोशाचे खंड त्यांचे.

पाठशाळेत लहान वयात आलेला दुसरा विद्यार्थी धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा. १९०१ मध्ये जन्मलेले लक्ष्मणशास्त्री जोशी. कलकत्त्याची तर्कतीर्थ ही पदवी घेऊन ते वाईला परतले आणि जन्मभर वाईचेच राहिले. गांधीजींनी १९३०च्या दशकात अस्पृश्यतानिवारणाची मोहीम हाती घेतली तेव्हा सनातनी पंडितांना शास्त्रातूनच उत्तर देणारा माणूस हवा होता. ते काम लक्ष्मणशास्त्र्यांनी केलं. गांधीजींचे पुत्र देवदास आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा १९३३ मधला आंतरजातीय विवाह त्यांनीच लावला. म्हणजे ज्या आळ्यांत पाण्याच्या पायऱ्या जातीनं वाटलेल्या होत्या, तिथूनच त्या वाटणीला शास्त्राचा आधार नाही असं सांगणारा आवाज उठला. तो गावाला सहज रुचला असेल असं नाही. पण तो माणूस गाव सोडून गेला नाही, हे महत्त्वाचं. सुधारणा मुंबईत बसून सांगणं वेगळं आणि रोज त्याच घाटावरून जात-येत सांगणं वेगळं.

पाठशाळेनं धर्मकोशाचं काम हाती घेतलं आणि त्याचा पहिला भाग १९३७ मध्ये निघाला. धर्मशास्त्रातल्या एकेका विषयावर कुणी, कधी, काय म्हटलं ते काळाच्या क्रमानं मांडायचं, हा त्याचा आराखडा. शास्त्रात काळानुसार बदल होत गेला आहे, हे नुसत्या मांडणीतूनच सिद्ध व्हावं. मला हा फार शहाणपणाचा मार्ग वाटतो: वाद घालण्याऐवजी पुरावे रांगेत लावायचे. ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या तर्कतीर्थांच्या ग्रंथाला १९५५ मध्ये मराठीसाठीचा पहिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो याच भूमीवर.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी, १९६० मध्ये, यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं साहित्य संस्कृती मंडळ स्थापलं आणि तर्कतीर्थ त्याचे अध्यक्ष झाले. मराठीत सर्व विषयांचा कोश करायचा ठरला. अध्यक्ष वाईचे, म्हणून कोशाचं कार्यालय वाईत आलं आणि पुढे छापखानाही. पहिला खंड निघाला १९७६ मध्ये. तोवर वर्षानुवर्षं चाललं ते बिनआवाजाचं काम: नोंदींच्या याद्या, पारिभाषिक शब्द ठरवणं, विषयाचा जाणकार शोधून त्याच्याकडून लिहून घेणं, ते सामान्य वाचकाला कळेल असं करणं, तपासणं, पुन्हा तपासणं. पदार्थविज्ञानापासून शेतीच्या अवजारांपर्यंत, अठरा हजारांहून अधिक नोंदी, वीस खंड. १९८० मध्ये या कामासाठी वेगळं विश्वकोश निर्मिती मंडळ झालं. १९९४ मध्ये तर्कतीर्थ गेले. शेवटच्या, विसाव्या खंडाचं काम एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत चाललं. आता हे सगळे खंड संगणकावर फुकट वाचता येतात.

गंगापुरीत विश्वकोशाच्या इमारतीपाशी उभी राहिले तेव्हा मला कृष्णामाईच्या पाळ्या आठवल्या. विश्वकोशही असाच वाटून घेतलेला आहे. कुठल्या तरी गावचा प्राध्यापक शैवालांवर लिहितो, दुसरा कोणी यंत्रमागावर, तिसरा घटोत्कच लेण्यावर; वाईत बसलेली माणसं त्यांना एका भाषेत आणतात आणि अकारविल्ह्यानं लावतात. लेखकाचं नाव नोंदीखाली बारीक टाइपात येतं. संपादकांच्या हाताखाली ज्यांनी मुद्रितं वाचली, चित्रं काढली, खिळे जुळवले, त्यातले बहुतेक इथलेच, याच आळ्यांत आणि आसपासच्या खेड्यांत राहणारे. चार-पाच दशकं एका तालुक्याच्या गावानं भाषेचं एवढं काम अंगावर घेतलं, हे महाराष्ट्रानं पुरेसं ओळखलं आहे असं मला वाटत नाही.

दुपारनंतर बाजारात गेले. हिवाळा संपताना वाईच्या बाजाराला हळदीचा वास येतो. शेतातून काढलेले गड्डे आणि हळकुंडं शिजवायची, आठ-पंधरा दिवस उन्हात वाळवायची, मग फिरत्या पिंपात घालून घासायची, म्हणजे वरची साल जाऊन पिवळाधमक रंग येतो. पूर्वी काहिलीत शिजवत, आता वाफेवर. खळ्यावर काम करणाऱ्या मावशींचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. “धुतलं तरी जात न्हाई, गुढीपाडव्यापातुर आसंच ऱ्हातं,” त्या म्हणाल्या आणि मुठभर हळकुंडं माझ्या पिशवीत टाकली. पैसे घेईनात.

हळदीच्याच हंगामात, रंगपंचमीला, जवळच्या बावधनचं बगाड असतं. भैरवनाथाचा उत्सव. होळीच्या पौर्णिमेला देवाचा कौल लावून त्या वर्षीचा बगाड्या ठरतो, तो ज्यानं नवस बोलला आहे त्यांतला एक. कृष्णेच्या काठी सोनेश्वराला लाकडाचा अजस्र गाडा जोडतात, त्यावर उभा खांब, त्या खांबावर आडवं लांब शीड. शीडाच्या टोकाला बगाड्याला बांधतात. पूर्वी पाठीत गळ टोचत. आता कापडानं कमरेला बांधतात. मग बैलं जुंपतात आणि शेतांतून, बांधांवरून, चिखलातून गाडा गावाकडे ओढत नेतात. एक जोडी दमली की दुसरी. घराघरातली धष्टपुष्ट बैलं या एका दिवसासाठी वर्षभर जोपासलेली असतात. ट्रॅक्टरच्या काळातही बावधनमध्ये खिलार बैल दिसतात ते पुष्कळ अंशी बगाडामुळे. जूं मानेवर घेतलेल्या बैलांमागे त्यांचे धनी चिखलात धावत असतात आणि भैरवनाथाच्या नावाचा गजर शिवारभर चाललेला असतो. नवसाविषयी माझ्या मनात शंका आहेत, बैलांच्या हालांविषयीही आहेत. पण त्या दिवशी तिथे असलेला प्रत्येक माणूस काही ना काही ओढत, ढकलत, सावरत असतो. नुसता बघणारा तिथे फारसा कोणी नसतो.

पसरणी वाईला लागूनच, घाटाच्या पायथ्याशी. वर जाणाऱ्या गाड्यांना गावाचं नाव फक्त घाटापुरतं ठाऊक. १९२३ मध्ये इथे कृष्णराव साबळे जन्मले, म्हणजे शाहीर साबळे. त्यांच्या आवाजात महाराष्ट्राच्या घराघरात पोचलेलं गीत २०२३ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, राज्यगीत झालं. वाईच्या एका टोकाला शास्त्र्यांची पाठशाळा, दुसऱ्या टोकाला शाहिराचं घर, मध्ये हळदीची खळी. या तिन्हींतून रमतगमत पायी गेलं तरी एका सकाळीत होतं.

वाईला यायचं तर माघ-फाल्गुनात यावं. हवा चांगली असते, नदीला पाणी संथ असतं, आणि सातांपैकी कुठल्या ना कुठल्या घाटावर मांडव असतो. मेणवलीला सकाळी लवकर जावं, चित्रीकरणाची गर्दी सुरू व्हायच्या आधी. धोमला दुपारी, नंदीच्या कुंडात ऊन उतरतं तेव्हा. महाप्रसादाच्या दिवशी घाटावर असलात तर पंगतीला बसायला कुणी ना कुणी बोलावतंच. त्या वेळी बसावं, आणि पुढच्या पंगतीला वाढायला उभं राहावं.